पूर्ण वर्ग पद्धत: ते 'अर्ध्याचा वर्ग' येतं कुठून?

उंबरठा | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला. गणित भाग १, दुसरं प्रकरण, वर्गसमीकरणे. अवयव पाडायची गणितं तिने सटासट उरकली, सूत्रात किमती घालायचंही जमलं. गाडी अडली ती या दोन्हींच्या मधल्या पद्धतीवर.

गणित होतं क्ष² + १०क्ष − ३९ = ०. क्षच्या सहगुणकाचं अर्धं ५, त्याचा वर्ग २५. तो मिळवा आणि वजा करा. (क्ष + ५)² − ६४ = ०, म्हणजे क्ष + ५ = ±८, म्हणजे क्ष = ३ किंवा −१३. तिने सगळं बरोबर केलं आणि मग पेन ठेवून विचारलं, "आई, पण अर्धंच का? पाव का नाही?"

मी म्हटलं, "(अ + ब)² मध्ये २अब असतं ना, त्यातला तो २..."

"ते कळलं गं. तसं केलं की जमतं, हे कळलं. पण हे पहिल्यांदा कुणाला सुचलं कसं असेल?"

मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. शिट्टी झाली नव्हती.

आमच्या बाईंनी फळ्यावर 'तिसरे पद = सहगुणकाच्या अर्ध्याचा वर्ग' असं चौकटीत लिहून दिलं होतं. चौकट अजून डोळ्यांसमोर आहे, तिच्या आत काय होतं ते तेव्हाही कळलं नव्हतं. कुणी समजावेल का?

(मोबाइलवर दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून एक्सच्या जागी क्ष. चालवून घ्या.)


वाटाणा | ११:३४

पाठ करा, मार्क घ्या, पुढे चला. हलके घ्या.

पण खरंच विचारतो, सूत्र हाताशी असताना ही पद्धत शिकवतात कशाला? मी इंजिनिअर झालो, वीस वर्षं नोकरी केली, एकदाही लागली नाही.


सांडगी_मिरची | ११:४१

चहा घेऊन बसलेय. मास्तर येतीलच आता.


फळा_डस्टर | दुपारी १२:१५

आलो. एकतीस वर्षं हेच प्रकरण शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवतातच.

उंबरठाताई, घरात जुन्या लग्नपत्रिका असतील. त्यांचा पुठ्ठा उत्तम. एक चौरस कापा. बाजू किती ते मोजायचं नाही, तीच तर आपल्याला ठाऊक नाही. तिला क्ष म्हणा. त्या चौरसाचं क्षेत्रफळ क्ष².

आता १०क्ष म्हणजे काय? क्ष लांबीची आणि १० रुंदीची पट्टी. ती चौरसाच्या उजव्या अंगाला लावून बघा. आयत होतो, लांबुळका. त्याची बाजू काढायची म्हटलं तर कशी काढणार? चौरस असता तर वर्गमूळ घेतलं असतं आणि मोकळे झालो असतो. आयताचं वर्गमूळ घेऊन काही हाती लागत नाही.

मग काय करायचं? पट्टी उभी चिरायची. ५ रुंदीच्या दोन पट्ट्या होतील. एक उजवीकडे लावा, दुसरी खाली. बघा आता. चौरस होता होता राहिलाय. खाली उजव्या कोपऱ्यात एक खाच आहे, ५ बाय ५ ची. तेवढा तुकडा बसवला की वर्ग पूर्ण. 'पूर्ण वर्ग' हे नाव आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्यात 'पूर्ण करणं' आहे हेच विसरतो.

टेबलावरचा सगळा पुठ्ठा मिळून ३९ होता, कारण क्ष² + १०क्ष = ३९. कोपऱ्याचे २५ धरून ६४. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८. तिच्यातले ५ पट्टीचे. उरले ३. तेच क्ष.

अर्धं का, तर पट्टी दोन अंगांना वाटायची म्हणून. वर्ग का, तर कोपरा चौरस आहे म्हणून.

आता गंमत. तुमच्या लेकीने नेमकं हेच समीकरण कुठून आणलं? नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीने आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात हेच घेतलंय, एक वर्ग आणि दहा मुळं मिळून एकोणचाळीस. 'अल्जिब्रा' हा शब्द त्याच पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. त्याने आकृत्या दोन दिल्यात. दुसरी आपण आत्ता केली ती. पहिलीत त्याने पट्टीचे चार भाग केले, अडीच-अडीच रुंदीचे, आणि चौरसाच्या चारही बाजूंना एकेक लावला. मग खाचा पडतात चार, प्रत्येक अडीच बाय अडीच, म्हणजे सव्वासहा. चार सव्वासहा पंचवीस! मोठ्या चौरसाची बाजू पुन्हा ८, त्यातून दोन्हीकडचे अडीच गेले, उरले ३.

तेव्हा "पाव का नाही" या प्रश्नाचं उत्तर, पावही चालतं. पोरीला शाबासकी सांगा.

−१३ हे उत्तर त्याने दिलेलं नाही. पुठ्ठ्याची बाजू उणे तेरा कशी असेल?


उंबरठा | १:५०

सर, दंडवत. मामेभावाच्या पत्रिकेचा बळी गेला. "पावही चालतं" म्हटल्यावर स्वारी अशी काही फुगली आहे की जेवताना आजीलाही चार पट्ट्या लावून दाखवल्या. आजींनी विचारलं, "मग उरलेला कोपरा कोण देणार?" लेक म्हणाली, "दोन्हीकडे सारखा टाकायचा, म्हणजे कुणाचं काही जात नाही."


तिरपा_कोन | २:२२

@वाटाणा, ज्या सूत्राच्या भरवशावर तुम्ही ही पद्धत मोडीत काढताय ते सूत्र तरी कुठून आलं? वर्ग एकदा अक्षरांत पूर्ण केला आणि निकाल जपून ठेवला, ते सूत्र.

अक्ष² + बक्ष + क = ०

पुस्तकात आधी अ ने भागतात आणि मग अपूर्णांकांचा चिखल होतो. त्याऐवजी सगळ्याला ४अ ने गुणा:

४अ²क्ष² + ४अबक्ष = −४अक

दोन्हीकडे ब² मिळवा:

(२अक्ष + ब)² = ब² − ४अक

संपलं. उजवीकडे जे उरलं त्याला आपण विवेचक म्हणतो. तो ऋण आला तर वास्तव मुळं का नसतात, हे पाठ करावं लागत नाही. डावीकडे वर्ग आहे, तो ऋण होणार कसा?

आणि वीस वर्षांत लागली नाही म्हणता, तर एक घरगुती उदाहरण घ्या. परसात भाजीला कुंपण घालायचंय. एका बाजूला कंपाउंडची भिंत आहे, जाळी ४० मीटर आहे. जास्तीत जास्त जागा कशी मिळेल? भिंतीला काटकोनात येणाऱ्या दोन बाजू क्ष, तर समोरची ४० − २क्ष. क्षेत्रफळ ४०क्ष − २क्ष². वर्ग पूर्ण केला की होतं २०० − २(क्ष − १०)². कंस शून्य झाला की २०० चौरस मीटर. क्ष दहाहून एवढासा सरकला तरी २०० तून काहीतरी कापलं जाणारच. डेरिव्हेटिव्ह नको, आलेख नको. सूत्र हे सांगत नाही, ते फक्त शून्य कुठे येतं तेवढं सांगतं.


बारावीची_बळी | २:४०

दहावीत ऑप्शनला टाकलेलं बारावीत व्याजासकट परत येतं. छेदात क्ष² + ४क्ष + १३ आणि त्याचं इंटिग्रेशन करा म्हणतात. (क्ष + २)² + ३² दिसलं तर दोन ओळींत उत्तर, नाही दिसलं तर अख्खा तास बसा. वर्तुळाचं समीकरण आलं की तेच. केंद्र शोधायचं म्हणजे दोनदा वर्ग पूर्ण करायचा, एकदा क्षचा, एकदा यचा.


वाटाणा | ३:०५

बरं बाबा, हरलो. जेवून करून बघतो म्हटलं आणि पहिल्याच घासाला खडा. तपासा जरा:

२क्ष² + १२क्ष + ७
= २(क्ष² + ६क्ष) + ७
= २(क्ष² + ६क्ष + ९) − ९ + ७
= २(क्ष + ३)² − २

क्ष = ० घातला तर वरच्या ओळीत ७ येतात आणि खालच्या ओळीत १६. कुठे माती खाल्ली?


फळा_डस्टर | ३:१८

शून्य घालून पाहिलंत हे उत्तम केलंत. निम्मे विद्यार्थी ते करत नाहीत आणि −२ वर चौकट ठोकून मोकळे होतात.

या प्रकरणातली ही सर्वांत लाडकी चूक आहे. दर वर्षी, दर वर्गात. कंसाच्या बाहेर २ उभा आहे, म्हणजे टेबलावर चौरस दोन आहेत, एकावर एक ठेवलेले म्हणा. दोघांच्याही कोपऱ्याला ३ बाय ३ ची खाच आहे. तुम्ही कंसात ९ लिहिलेत तेव्हा ९ नव्हे, १८ चा पुठ्ठा वापरलात. वजाही १८ च करायला हवा.

२(क्ष + ३)² − १८ + ७ = २(क्ष + ३)² − ११. आता शून्य घाला, १८ − ११ = ७.


वाटाणा | ३:२२

च्यायला. १९९८ साली हेच चुकलं होतं बहुतेक.


पाटणचा_वाटसरू | संध्याकाळी ६:४०

तिरपा_कोन यांनी ४अ ने गुणायची जी युक्ती दिली तिला वाली आहे, म्हणून लिहितो. ती श्रीधर या जुन्या गणितज्ञाची. त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. नियम आपल्यापर्यंत आला तो भास्कराचार्यांनी तो नाव घेऊन उद्धृत केला म्हणून. दोन्ही पक्षांना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग अव्यक्ताच्या (म्हणजे आपल्या क्षच्या) मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा, मग मूळ घ्या, असा त्याचा अर्थ. भास्कराचार्यांच्या बीजगणितात या प्रकरणाचं नाव 'मध्यमाहरण' आहे. मधलं पद काढून टाकणं! मला हे नाव आपल्या नावापेक्षा आवडतं. वर्ग पूर्ण केला की क्षचं एकेरी पद गायब होतं, सगळी करामत तीच.

त्यांची लिहायची तऱ्हाही बघा. अव्यक्ताला 'यावत्-तावत्', थोडक्यात 'या'. त्याचा वर्ग 'या व'. नुसती संख्या 'रू', म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. उंबरठाताईंचं क्ष तसं अलीकडचंच म्हणायचं.

मी चाळीसगावचा. आमच्याकडच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला देणगी मिळाली, असा त्यातला मजकूर. साल १२०७. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. शाळेची सहल दर वर्षी पाटणादेवीला जायची. आम्ही धबधबा बघायचो आणि डबे खायचो. आठशे वर्षांपूर्वी तिथे वर्गसमीकरणं शिकवायला मठ होता हे एकाही सहलीत कुणी सांगितलं नाही.

आता भास्कराचार्यांच्याच 'लीलावती' या ग्रंथातले भुंगे. थव्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीवर गेले. अख्ख्या थव्याचे आठ-नवमांशही गेले. एक भुंगा वासाच्या लोभाने रात्री कमळात अडकून आत गुणगुणतोय आणि त्याची जोडीदारीण बाहेरून गुणगुणतेय. थवा किती?

निम्म्याचं वर्गमूळ घ्यायचंय, म्हणून थवा २क्ष² धरा. निम्मे क्ष², त्याचं मूळ क्ष.

क्ष + (१६/९)क्ष² + २ = २क्ष²

९ ने गुणून आवरलं की २क्ष² − ९क्ष = १८. आता श्रीधर. चार दुणे आठ, आठाने गुणा: १६क्ष² − ७२क्ष = १४४. नऊचा वर्ग ८१ मिळवा:

(४क्ष − ९)² = २२५

४क्ष − ९ = १५, क्ष = ६, थवा ७२. पडताळा: ६ आणि ६४ मिळून ७०, वर ही दोघं. एकही अपूर्णांक मध्ये आला नाही. हेच आधी २ ने भागून करून बघा, साडेचाराचं अर्धं आणि त्याचा वर्ग करत बसावं लागेल.


सांडगी_मिरची | ७:०२

आणि −१५ घेतलं तर? क्ष = −३/२, थवा साडेचार भुंगे. अर्धा भुंगा कमळाच्या पाकळीत चिरडला म्हणायचा.


ओला_खडू | ७:३०

४अ वरून आठवलं. माझ्या भाच्याने क्लासच्या चाचणीत असंच केलं, श्रीधराच्या पद्धतीने. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर. सरांनी एक मार्क कापला, शेरा 'पुस्तकाप्रमाणे करावे'. पोरगं दोन दिवस धुसफुसत होतं. कुणाचं चुकलं?


फळा_डस्टर | ७:४८

सरांचं. प्रश्नात 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असेल, तर (२अक्ष + ब)² हा पूर्ण वर्ग नाही तर कोण आहे? मी असे पेपर तपासले असते तर पूर्ण मार्क दिले असते आणि वर बोलावून विचारलं असतं, कुठे शिकलास रे.

मात्र भाच्याला एक सांगा. परीक्षेत पहिल्या ओळीत 'दोन्ही बाजूंना ४अ ने गुणून' एवढे शब्द लिहायचे. तपासणारा तिसऱ्या तासाला थकलेला असतो.


पाटणचा_वाटसरू | ८:१०

दोन मुळांतलं कुठलं घ्यायचं, कुठलं टाकायचं, यावर भास्कराचार्यांची दोन माकडांची गणितं आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत.

पहिलं: कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं वनात बागडतायत, उरलेली बारा टेकडीवर. म्हणजे (क्ष/८)² + १२ = क्ष. आवरलं की क्ष² − ६४क्ष = −७६८. बत्तिसाचा वर्ग १०२४ मिळवा, (क्ष − ३२)² = २५६. क्ष = ४८ किंवा १६. ४८ घ्या, सहाचा वर्ग ३६ अधिक १२. १६ घ्या, दोनाचा वर्ग ४ अधिक १२. दोन्ही बसतात! ते दोन्ही उत्तरं देतात.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी गुहेत शिरली, एक फांदीवर दिसतंय. हे आधी तुम्ही करा. उत्तर नंतर टाकतो.


वाटाणा | ९:२५

केलं. पहिल्यांदाच मजेसाठी गणित करतोय, बायको संशयाने बघतेय.

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष. सरळ केलं की क्ष² − ५५क्ष + २५० = ०. पंचावन्न विषम आहे, अर्धं साडेसत्तावीस, म्हणून श्रीधर. चाराने गुणून ३०२५ मिळवले:

(२क्ष − ५५)² = ३०२५ − १००० = २०२५ = ४५²

क्ष = ५० किंवा ५. मला तर दोन्ही बरोबर वाटतायत. पाच घातले तरी समीकरण बसतंय, चार गुहेत, एक फांदीवर.


पाटणचा_वाटसरू | ९:४०

बसतंय खरं. पण पाचाचा पाचवा भाग एक. एकातून तीन माकडं वजा कशी करणार? उणे दोन माकडांचा वर्ग चार येतो, कागदावर. भास्कराचार्य ५ नाकारतात आणि कारण काय देतात, तर ऋण झालेल्या राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. चूक आहे असं म्हणत नाहीत. लोकांना पटत नाही म्हणतात.


उंबरठा | ९:५८

माकडं उद्या. आत्ता घरात वेगळाच गोंधळ आहे. लेकीने पुढचं गणित काढलं, क्ष² − ८क्ष. पुठ्ठा जोडायचा नाही, काढायचाय. मी म्हटलं सरांना विचारू, तर म्हणे थांब.

चौरसाच्या उजवीकडून ४ रुंदीची उभी पट्टी कापली. ती पूर्ण क्ष लांब. मग खालून ४ रुंदीची आडवी कापली आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. दुसरी आखूड! कोपरा पहिलीबरोबरच गेला होता. आखूड किती, तर बरोबर ४ बाय ४ चा तुकडा. "आई, मला काढायचे होते ८क्ष, मी १६ कमीच काढले. म्हणून उरलेल्या चौरसात १६ जास्त आहेत." आणि खाली लिहिलं, क्ष² − ८क्ष = (क्ष − ४)² − १६.

सर, असंच आहे ना? मी हो म्हणून टाकलंय.


फळा_डस्टर | १०:१२

असंच आहे. आणि इतकी वर्षं मी वर्गात ते वेगळं सांगत आलो, 'कोपरा दोनदा वजा झाला म्हणून एकदा परत द्या'. मुलांचे चेहरे कोरे. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून दाखवायचं मला कधी सुचलं नाही.


उंबरठा | १०:२०

आता विचारतेय, घन पूर्ण करता येतो का. सुरण चिरायला घेतलाय. हिचा क्ष³ आणि माझी उद्याची भाजी.


तिरपा_कोन | १०:३१

वर्गात सहगुणकाचा अर्धा, घनात क्ष² च्या सहगुणकाचा तिसरा हिस्सा. सुरणाचे तीन सारखे चपटे काप करून ठोकळ्याच्या लगतच्या तीन अंगांना लावायला सांगा. मग खाचा कुठे कुठे राहतात ते तिला मोजू दे. इथे एका कोपऱ्यावर भागत नाही.


उंबरठा | १०:५५

तीन लांब खाचा आणि एक कोपरा. लांब खाचांत क्ष येतो म्हणतेय, तो फुकट मिळत नाही म्हणून वैतागलीय. झोपायला पाठवलंय. सुरणाने हात खाजतायत दोघींचे.